बोट ठेवायला जागा

काचेच्या या बाजूने
मला माणसं अर्धीच दिसतात.
वरचा दिवा काचेत उतरतो, चेहरे पुसून टाकतो;
उरतात पोटं, पर्सचे पट्टे, आणि बोटं.
बोटं काचेवर टेकतात नि बोलतात:
हे. ते नको. हे अजून.
वरचं नको, खालचं, गरम.

सहा वर्षं झाली गार्डन सिटीत,
टायरवाला आणि दातांचा डॉक्टर यांच्या मधल्या या दुकानात.
दिवसाला अडीचशे वेळा मी एकच वाक्य म्हणते:
ग्वाकामोलेचे पैसे वेगळे पडतील, चालेल?
झोपेतही म्हणते, असं एलिसेओ सांगतो.
तो कूस बदलतो आणि म्हणतो,
चालेल.

अकराला येतं नखांत डांबर भरलेलं बोट.
छपरं घालणाऱ्यांची टोळी बाहेर ट्रकमध्ये,
आणि याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा:
चौदा बरिटो, चौदा तऱ्हा.
मागची रांग एकदम उसासते, म्हशीसारखी.
बाराला बँकेतलं लाल नख:
अर्धा भात. अर्धा म्हणजे अर्धा हं.
तिच्याकडे पाहत मी भाताची शितं मोजते की काय, असं वाटतं.

आणि साडेबाराला अब्दिरिसाक.
नाव मला चिठ्ठीवरून ठाऊक.
पहाटेपासून कारखान्यात गाई सोलतो
आणि इथे येऊन नुसता काळा घेवडा खातो.
हातमोजे बदलशील?
इतकं हळू विचारतो, जणू उसने पैसे मागतोय.
मी बदलते. पळीही बदलते.

एकदा आईला मिचोआकानला फोनवर बरिटो दाखवला,
चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलेला.
ती म्हणाली, हे जेवण आहे की दुपट्यातलं बाळ?
आणि याचं तोंड कुठल्या बाजूला?

मार्चमध्ये ब्रेंटने तराजू आणला.
ओफेलिया, तुझा हात सैल आहे, म्हणाला,
चार औंस म्हणजे चार औंस, वर टेकडी नको.
मी हात आखडता घेतला.
त्या आठवड्यात काचेवर नुसती टकटक:
एवढंच? एवढंच? एवढंच?

मग एका गुरुवारी
अब्दिरिसाकचा उजवा हात आला मनगटापर्यंत बँडेजमध्ये,
बोटं असतील तर आत असतील.
डावं बोट त्याने उचललं, ते भलतीकडेच गेलं,
मांसाच्या भांड्याकडे.
हे? मी विचारलं.
तो हसला. ते हसणं काचेतूनही दिसलं.
मी घेवडा घातला, दोन पळ्या, टेकडीसकट,
वर ग्वाकामोलेचा एक गोळा,
आणि वाक्य म्हटलं नाही.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
वाक्याच्या जागी जे रिकामं राहिलं
ते ब्रेंटला पार मागे, गल्ल्यापाशी ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाचपैकी एक तारा दिला.
लिहिलं: वाढणारी बाई माणूस बघून वाढते.
त्याला दोन, मला एक.
ब्रेंटने तो कागद हात धुवायच्या नळावर चिकटवला.
त्यात खोटं काहीच नव्हतं.
तरी मी तेव्हापासून बोटं बघत असते.
डांबराचं? लाल नखाचं?
की ते लहानसं, मक्याच्या दाण्यांकडे हरखून दाखवणारं,
ज्याला आई मागून हळूच खाली ओढते?
कुणावर बोट दाखवू मी,
माझ्याकडे तर दिवसभर दाखवलेली आहेत.

रात्री दहाला व्हिनेगरच्या पाण्याने काच पुसते.
ठसे आधी पसरतात, ढग होतात,
मग एकेक करून जातात.
ब्रेंट दिव्याखाली मान तिरकी करून बघतो,
खूश होतो: बोट ठेवायला जागा नाही.
तो शटरकडे वळतो.
मी हातमोजा काढते
आणि खालच्या कोपऱ्यात,
जिथे तो कधी वाकत नाही,
माझं एक ठेवते.