एक उरतो

रापणीच्या हिशेबाची शेवटची वही हाती आली
तेव्हा तिला अजून सुकटीचा वास होता.
नावं, दोराचे खर्च, कुणाला किती वाटे,
फटू मोंडकर आजारी, तरी अर्धा वाटा,
आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतून, एकटाच, पेन्सिलीने:
९६९९६९०.

ना रुपये, ना किलो.
फोन नंबर म्हणावा तर तीन आकडे कमी.

मी बँकेत कारकून. आकडा नुसता बसलेला मला बघवत नाही.
खळ्यात बसलो आणि तिसऱ्या फोडाव्यात तसा
त्याला फोडत गेलो.
दोन. तीन. पाच. सात.
अकरा. तेरा. सतरा. एकोणीस.
प्रत्येक जण एकदाच आलेला,
आणि शेवटी हातात नुसता एक.

तेव्हा कळलं वडील काय जुळवत होते.
तळाशीलला दोर ओढायला कधी किती येतील
याचा नेम नसायचा.
कधी अकरा, कधी सतरा,
तेराव्याच्या वाट्यावरून एकदा कोयता निघालेला.
त्यांना असा ढीग हवा होता
की कितीही आले तरी मासा कापावा लागू नये.

पुरतं जमलं नाही त्यांना.
चौघं आले तर दोन मासे वाळूत राहतात,
नऊ आले तर तीन,
तेवीस आले तर पंधरा, म्हणजे भांडणच.
आणखी एक दोन गुणायला हवा होता
निदान चौघांसाठी.
पेन्सिल तिथेच थांबली आहे.

पण शेवटचं शून्य झाकून बघा:
९६९९६९.
उत्तरेकडून वाचा नाहीतर दक्षिणेकडून, तेच.
वाळूवर दोन दोर,
सारख्या पावलांनी मागे सरकणारी माणसं,
आणि मधोमध, जाळ्याच्या खोल्यात,
दोन नऊ एकमेकांना चिकटलेले.

मग मी त्यात एक मिळवला. उगाच.
९६९९६९१.
दोघांत वाटा, एक उरतो.
तिघांत, एक. एकोणीस जणांत, तरी एक.
तेवीसपासून पुढे एकेक मूळ संख्या लावत गेलो,
साठ वेळा रिकाम्या हाताने परत.
तोवर खाडीत भरती येऊन ओसरली.
एकसष्टावी लागली: तीनशे सत्तेचाळीस.
तिच्या जोडीला सत्तावीस हजार नऊशे त्रेपन्न,
तोही पुढे न फुटणारा.

तीनशे सत्तेचाळीस माणसं!
आमच्या वाडीत तेवढी कधी नव्हतीच,
देवळातली धरून.

आई मागीलदारी तारल्या खवलत होती.
तिला म्हटलं, बघ, हा एक कुणाच्याच वाट्याला येत नाही.
"उरलेलो एक?
तुझ्या बापाशीन तो कधी घराक हाडूक नाय.
परत पाण्यात सोडी."
कित्याक?
"माका काय म्हायत. म्हणा,
उद्या मोजूक खंयसून तरी सुरुवात व्हयी."

तिने पुढची तारली उचलली.
परातीत किती होत्या
ते मी मोजलं नाही.