चौथा सूर

राजारामपुरी आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
रविवारी सकाळी आम्ही सहा जणं चिनी शिकतो.
हिरेमठ मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला: यी-वू.
कर्तव्य.
दोन्ही अक्षरं चौथ्या सुरात, म्हणाल्या,
वरून खाली, तोडून. पोतं टाकल्यासारखं.
आम्ही पोती टाकली.
खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन बघून गेला.

वाक्य करा.
मी केलं: मी कर्तव्य करते.
'करते'वर लाल रेघ.
यी-वू नुसतं करत नाहीत, म्हणाल्या.
आपल्यात नाही का, ड्यूटी लागते,
कर्तव्य पार पाडतात,
जबाबदारी अंगावर येते
आणि झटकली की शेजारच्याच्या अंगावर जाते?
तसं ह्याचं क्रियापद ठरलेलं: चिन्.
तोही चौथाच सूर.
संपवणं. तळ दिसेपर्यंत.
जुन्या लिपीत काढून दाखवलं त्यांनी:
खाली भांडं, वर कुंचा धरलेला हात.
रिकामं झालेलं भांडं कुणीतरी घासतंय.

सोमवारी शिरोलीत रात्रपाळी.
नव्या मशिनच्या पडद्यावरचं मला अजून निम्मंच लागतं.
भट्टीवर दस्तगीरमामा.
मार्चमध्ये निवृत्त झाले; हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
तरी येतात. हजेरीपटावर नाव नाही.
शेवटचा साचा भरला तरी लाडल सोडत नाहीत,
कलती करून लांब सळीनं स्लॅग खरवडतात,
आतली लाली विझेपर्यंत.
"राहू दे की मामा, सकाळची पोरं करतील."
"सकाळची पोरं काय करत्यात, म्हाईत हाय."

लॅबच्या टेबलावरच्या काळ्या वाळूत
मी बोटानं ते भांडं काढलं, तो हात काढला.
"काय गिरवताय बाई?"
सांगितलं.
शब्दकोशात रात्री सापडलेला दुसरा अर्थ
सांगावा की नाही, कळेना.
तोही सांगितला:
यी-वू म्हणजे बिनपगारी केलेलं कामसुद्धा.
मामांनी सळी भिंतीला टेकवली.
"मग बरं हाय की त्यांचं. एकात भागतंय.
आमच्यात दोन शब्द लागत्यात."
आणि तळहातानं वाळू सपाट केली.
नमुना खराब होतो, म्हणाले.

पुढच्या रविवारी लाल रेघ आली नाही.
क्रियापद बरोबर, सूर बरोबर.
कर्ता तेवढा राहिलाय.
दस्तगीर चिनीत कसं लिहायचं
मॅडमनाही ठाऊक नाही.
मी देवनागरीतच ठेवलंय.