पाठकोरी पावती

बँकेतून सुटलो तरी
आकडे मांडायची खोड सुटत नाही.
परवा जेल रोडवरून परतताना
कापडाच्या पावतीच्या पाठीवर
मधोमध उभी रेघ मारली:
डावीकडे आम्ही, उजवीकडे ते.

आम्ही इंदुरात आलो घोड्यांच्या मागून,
दप्तराच्या गाड्यांत, दौतीचं बूच घट्ट लावून.
तलवार थोड्यांकडेच होती,
बाकीच्यांच्या हाती बोरू.
तरी सनद मिळाली, रामबागेत घर मिळालं,
आणि एक तारीख मिळाली, पगाराची,
जी पाच पिढ्या पहिलीच राहिली.

ते आले अठ्ठेचाळीस साली मालगाडीनं.
सहा माणसं, एक ट्रंक,
ट्रंकेतली निम्मी जागा तराजूनं अडवलेली.

माझ्या शाखेत दोन्हीकडचे यायचे.
आमचे सोमवारी, पासबुक छातीशी धरून,
व्याज पाव टक्का उतरलं
की कुणी वारल्यासारखे हळू बोलत.
ते शनिवारी, कॅश बंद व्हायला दोन मिनिटं असताना,
अंगाला कोऱ्या ताग्यांचा वास,
आणि पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं मागत.
मी एकदा विचारलं, एवढं डोक्यावर घेऊन झोप लागते?
छुगानी म्हणाला,
"अहो वाठारकर साहेब, माणसानं झोपावं.
पैशाला कशाला झोपवता?"

बबनकाका म्हणायचे, धंदा म्हटला की खोटं आलंच.
काका जन्मभर खरं बोलले
आणि जाताना हॉस्पिटलचं बिल
तीन पुतण्यांनी वाटून भरलं.

उजवीकडची बेरीज मोठी आली. येणारच.
रामबागेतलं घर आम्ही विकलं,
सुदामानगरात दोन खोल्या घेतल्या.
घेणारा छुगानीच. पूर्ण किंमत दिली,
एक रुपयाची घासाघीस नाही,
याचंच मला जास्त लागलं.

रजिस्ट्रारच्या बाकावर, नंबर येईपर्यंत,
त्यानं पिशवीतून एक कार्बन कॉपी काढली.
पन्नास सालची. शिकारपूरला राहिलेल्याचा क्लेम.
खाली टाइप करणाऱ्याचं नाव: दि. ग. वाठारकर.
माझे आजोबा.

संस्थान विलीन झालं, कचेरी आटली,
तेव्हा ते चिंचेखाली मशीन घेऊन बसायचे
हे ठाऊक होतं.
काय टाइप करायचे, ते घरात कुणी बोललं नव्हतं.
पानाला एक पावली.
रांगेत ताहिलराम, रांगेत आणखी शेकडो,
प्रत्येक जण सांगतोय काय काय गेलं
आणि आजोबा विचारतायत, किंमत?

दुकानं दोन, पक्की.
घर एक, गच्चीसह.
विहिरीत निम्मा हिस्सा, पाणी गोड.
"गोड"ला रकाना नव्हता.
आजोबांनी समासात टाइप केलंय, थोडं तिरकं.

त्या पावल्यांतून बाबांची होळकर कॉलेजची फी गेली.
बाबा शिकले म्हणून मी शिकलो,
मी शिकलो म्हणून काचेच्या अलीकडे बसलो
आणि छुगानीला सांगत राहिलो,
तारण काय आहे तुमच्याकडे?
आता ही पावली
रेघेच्या कुठल्या अंगाला लिहू?

आमच्यासाठी असला फॉर्म निघाला नाही.
वाठार मी पाहिलेलं नाही, बाबांनीही नाही.
कुणी हाकललं नव्हतं, आम्हीच निघालो,
नफ्यासाठी निघालो, हे तेवढं सरळ बोलत नाही.
गावाचं काय उरलं, तर आडनावातली तीन अक्षरं,
आणि त्यांचा बाजारभाव मला काढता येत नाही.

छुगानीची नात हल्ली
बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते म्हणे.
तिला पहिली तारीख हवी आहे.
आजोबा चिडलाय. मला बरं वाटलं,
मग वाटलं, यात मला बरं वाटायला काय झालं?

"अहो," आतून हाक आली,
"पावती कुठे ठेवलीत?
ब्लाउजपीस बदलायचाय,
शनिवारनंतर छुगानी घेत नाही."