विसावी कुपी

डरहॅमला सकाळी साडेआठला
दवाखान्याच्या खिडकीतून नर्सकडे सरकवली
नाव, जन्मतारीख लिहिलेली प्लॅस्टिकची डबी,
खाकी पाकिटात, लाच द्यावी तशी.
"गुरुवारी कळेल," ती म्हणाली.

मग पूल ओलांडून, दगडी चढण चढून
ग्रंथालयात. पेन बाहेर. पाण्याची बाटली बाहेर.
हात धुतलेले, पुसलेले, पुन्हा पुसलेले.
मिसेस फेनविक स्पंजच्या उशीवर ग्रंथ ठेवतात,
टाळू न भरलेलं मूल ठेवावं तसा,
आणि पानावर शिशाच्या मण्यांची माळ,
म्हणजे ते उठून बसणार नाही.

पान अठ्ठेचाळीस, मागची बाजू.
एक चक्र. चक्रात वीस कुप्या,
आणि कुप्यांत, सोन्याच्या कडेत मानानं मांडलेलं
वीस माणसांचं मूत्र.

हसू येतं.
मग येत नाही.

पिकल्या लिंबाचा रंग. केशराचा.
मांस धुतलेल्या पाण्याचा.
कोबीच्या पानाचा हिरवा, त्याच्याखाली एकच शब्द: मरण.
उंटाच्या लोकरीचा.
या धुक्याच्या गावात उंट पाहिला होता कुणी?
चित्रकारानं मेंढरू पाहिलं असेल
आणि उरलेला उंट ऐकीव.

अक्षर काळं, दाटीवाटीचं. शब्द अर्ध्यात तोडलेले,
डोक्यावर आडवी रेघ: पुढचं तुम्ही समजून घ्या.
हे मला जमतं. बाबा पुरालेखागारात मोडी वाचायचे.
म्हणायचे, लिहिणारा घाईत असतो,
वाचणाऱ्यानं असू नये.

भिंगाखाली कातडं कातडंच असतं.
केसांची छिद्रं दिसतात, वासराच्या मानेजवळची.
एक भोकही आहे, ताणताना पडलेलं.
पाऊलवाट विहिरीला वळसा घालते
तसा लेखनिक त्याच्या बाजूनं गेलाय:
"ज्वर" अलीकडे, "उतरेल" पलीकडे.
तांब्याच्या हिरव्यानं कागद खावा तसं कातडं खाल्लंय.
निळा जसाच्या तसा.
सोनं, आपण मान तिरकी केल्याशिवाय, बोलत नाही.

समासात दुसरा हात, शंभरेक वर्षं उशिराचा:
खोकल्यावर मिरी, मध, रात्री कोमट. अनुभवसिद्ध.
त्याच्या खाली तिसरा, ओळ सोडून घसरलेला:
माझ्या एमोटला नाही.

वहीत पेन्सिलीनं लिहिते:
तिसरा हात, बहुधा पंधरावं शतक, शाई तपकिरी.
आणखी काय लिहू?
किती वेळ त्या "नाही"च्या शेपटीकडे बघत बसते.
तिथं टाक दाबला गेलाय.

विसावी कुपी रिकामी आहे.
रेखलेली, कड सोन्याची, आत नुसतं कातडं.
रंग संपला असेल. आजार सापडला नसेल.
की हे निरोग्याचं? मी विचारते.
मिसेस फेनविक म्हणतात, इथे येणारा प्रत्येकजण
या कुपीपाशी थांबतो आणि कारण शोधतो.
त्यांचं मत: "पोरगं कंटाळलं असणार. जेवणाची वेळ."

पाचला घंटा होते. त्या माळ उचलतात
आणि पान आपणहून बोटभर वर येतं,
झोपेत कूस बदलल्यासारखं.

आज मंगळवार.
पुलावर कठड्याला टेकून मी नदीचा रंग बघते.
पावसानं गढूळलेली. चक्रात कुठे बसेल?
बाराव्याच्या पुढे, वाटतं.
उंटाच्या जरा अलीकडे.