लाल म्हणजे वाढ

आमच्याकडे लाल म्हणजे वाढ, हिरवं म्हणजे घसरण.
आ-हुआतची सून अमेरिकेहून आली तेव्हा
फळाभर हिरवळ बघून म्हणाली, "आज बरंय की!"
सगळे वळून बघत राहिले,
जशी ती मयताला पेढे घेऊन आली होती.

काओश्युंग बंदराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
दलालपेढीत आता अकरा खुर्च्या उरल्यात.
साठ होत्या. बाकीचे फोनवर घेतात, फोनवरच बुडतात.
मी खिडकीमागे बसते, चिठ्ठ्या घेते, शिक्का मारते
आणि नऊ ते दीड भांडणं ऐकते.

को मास्तर भूमिती शिकवायचे.
अजून कंपासपेटीतल्या पट्टीने भावाचा आलेख काढतात:
"दोन खांदे, मध्ये डोकं. आता पडणार."
आ-हुआत टॅक्सी खाली उभी करून येतो,
त्या डोक्याला नाक-डोळे काढतो.
"मास्तर, हा तर तुमच्यासारखा दिसतो. तुम्ही कुठे पडताय?"

मासळीवाली छिउ आलेख मानत नाही.
पहाटे तीनला ती धक्क्यावर असते,
बोट पाण्यात किती बुडालीय ते बघते,
त्यावरून सांगते देशाचा व्यापार.
"टीव्हीवरच्या त्या टायवाल्याने
कधी बर्फात हात घातलाय का?"

टायवाला काल म्हणाला, घ्या.
आज म्हणतो, मी सावध केलं होतं.
त्याला शिव्या देण्यावर सगळ्यांचं एकमत,
आणि त्यानेच सांगितलेलं घ्यायला
एकमेकांची नजर चुकवत
तिघंही माझ्या खिडकीशी येतात.

ल्याओ आजी बोलत नसत.
कलिंगडाच्या बिया दातांनी फोडत बसत.
त्यांच्याकडे एकच कंपनी, जहाजांची, नवऱ्याने घेतलेली
दोनशे बाराला, अगदी शिखरावर,
न्हावीसुद्धा घेत होते तेव्हा.
मग भाव त्रेचाळीसवर आणि नवरा इस्पितळात.
शेवटी एवढंच म्हणाला: "परत येणार."
भाव की आपण, ते विचारायचं राहिलं.

सहा वर्षं वाद चालला.
"विका, मिळतंय ते पदरात पाडून घ्या."
"नका विकू. मेलेलं माणूस खोटं बोलत नाही."
"खोटं नाही बोलत. चुकतं."
"मास्तर, तोंड धुऊन या."
आजी बी फोडत. टक्. टक्.

त्या मंगळवारी अकरा-चाळीसला
फळ्यावर लाल: दोनशे बारा.
पंखा सोडून सगळं थांबलं.
आजी उठल्या. वहाणांचा आवाज खिडकीपर्यंत आला.
चिठ्ठीवर लिहिलेलं: विक्री. सगळे.
त्यांचा हात कापत नव्हता. माझा शिक्का तिरका पडला.
मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली,
छिउ कधी नव्हे ती गप्प.

बुधवारी नऊला आजी हजर. तीच खुर्ची, तोच थर्मास.
आ-हुआत म्हणाला, "आता तुमचं काय अडलंय? झोपा घरी."
अर्धा तास त्या फळ्याकडे बघत होत्या
दुसऱ्याच्या लग्नात जेवण वाढलं जाताना बघावं तशा.
बिया काढल्याच नाहीत.
मग खिडकीशी आल्या.
"जहाजवाली. एक."
"एक हजार?"
"एक. नुसता एक."
"वीस डॉलर दलाली पडेल, आजी."
"पडू दे. भांडायला पाय ठेवण्यापुरती जागा नको का?"

पावती घडी करून बटव्यात ठेवली, परत गेल्या,
मास्तरांच्या वहीवर बोट टेकवलं.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
"हे डोकं नाही. हा खांदाच आहे.
डोकं अजून वर आहे."
मास्तर पट्टी शोधायला लागले.

दहा वाजता फळा हिरवा झाला.
आजींनी टायवाल्याला शिवी हासडली,
अशी की बंदरावरच्यांनीही ती लिहून घ्यावी.
छिउने शेजारची खुर्ची सरकवली,
म्हणाली, "बिया आणल्यायत का?"