डावखुरी

नाशिकरोडच्या थिएटरात, दुपारच्या खेळाला
आम्ही नऊजणी, बचतगटाच्या पैशांतून,
आणि पुढच्या रांगेत झोपलेला एक रिक्षावाला.

पडद्यावर भाद्रपद. गौरी बसल्यात,
आणि नायिका मळ्यात द्राक्षं खुडतेय.
मी म्हटलं, अगं, या महिन्यात वेलीला नुसती पानं.
छबूनं चिमटा काढला, गप बस, पिक्चर आहे.

मग तिनं थंड तेलात मोहरी टाकली
आणि ती तडतडली.
धूर नाही, ठसका नाही, आवाज मात्र पोटभर;
तो म्हणे नंतर मुंबईत भरतात.
मिसळीवरचा मोडलेला पापड पुढच्या घासाला अख्खा.
हिरवा चुडा दाराआड जाऊन आला की लाल.
सासूच्या मागचं घड्याळ सगळ्या स्वयंपाकभर
दहा वाजून दहा मिनिटं.
असलं घड्याळ मलाही चाललं असतं.

सासरा म्हणाला, मांडे म्हणजे कोकणचा जिन्नस.
आमची अख्खी रांग हसली.
मनातलेच मांडे खाल्लेत लिहिणाऱ्यानं, छबू म्हणाली.

मग खापर आलं.
ते खरं होतं. पालथं, काळंकुट्ट,
आमच्याच चुलीवरून टेम्पोत घालून नेलेलं.
आणि हात आले.
पुरणानं फुगलेला गोळा
या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत,
फिरता फिरता ताटाएवढा, मग परातीएवढा,
मागे दिवा धरला तर वात दिसेल इतका पातळ,
आणि डाव्या हाताच्या एका झोक्यानं खापरावर.
मनगटाशी भाजल्याचा डाग, चिंचोक्याएवढा.

कुणीतरी शिट्टी मारली.
रिक्षावाला उठून बसला.

ते हात हौसा कोठुळेचे.
लग्नातले आचारी तिला उलट्या हाताची म्हणायचे
आणि मांडे तिच्याकडूनच करून घ्यायचे.
चौथ्या दिवशी तिनं शूटिंगवाल्यांना सांगितलं,
दोघींचे मिळून दिवसाला तीन हजार,
नाहीतर आम्ही निघालो.
आम्ही, म्हणाली.
मी मान हलवली. तिच्याबरोबर गेटपर्यंत गेलेसुद्धा.
रात्री मला एकटीला फोन आला.

मध्यंतरानंतर पुन्हा मांडे,
नणंदेच्या डोहाळजेवणाचे.
आता झोका उजवीकडून.
डाग आहे, पण तो मेकअपच्या पोरीनं
व्हॅसलीनमध्ये कॉफी कालवून काढलेला,
आणि एका शॉटला ती विसरली.
कोरं, निर्मळ मनगट. माझं.
एवढं मोठं, पडदाभर,
की त्यावरची लव मोजून घ्यावी.

द्राक्षं मी दाखवली, मोहरी दाखवली, घड्याळ दाखवलं.
इथं माझी वाचा बसली.
आठजणींत कुणाच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं,
आणि छबू एकाएकी पिशवीत चष्मा शोधू लागली.
चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

शेवटी नावं सरकली.
जनरेटरवाला, छत्रीवाला, मांजर सांभाळणारा.
हातांचं नाव नव्हतं,
डाव्याही नाही, उजव्याही नाही.

बाहेर रणरणतं ऊन.
सगळ्याजणी गेल्या, मी चालत देवळाली गावात.
हौसा उंबऱ्यात गहू पाखडत होती.
वर न बघता म्हणाली, पाहिलास?
म्हटलं, आत्ताच. तू?
पहिल्याच दिवशी. तिकीट काढून.

सूप वाजत राहिलं. कोंडा माझ्या पायांवर येत होता,
मी पाय हलवले नाहीत.

पुरण कणीदार राहिलं होतं तुझं, ती म्हणाली,
मांडा दोन ठिकाणी फाटत होता.
एवढ्या लांबून कळत होतं.

हो, म्हटलं.
एकटीनं वाटलेलं.