अंगारग्रहावरचा ट्रक

मेघकेतूचा सोळावा भाग सापडला शेवटी.
कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवलेला,
खाली एक पांढरी रेघ सतत थरथरते
आणि मध्येच अर्धी साबणाची जाहिरात.

कॉमिकमध्ये अंगारग्रह जांभळा होता.
दोन चंद्र, काचेची झाडं,
पान अकरावर मेघकेतू एका बोटावर उल्का तोलतो.
डिचोलीच्या बसस्टँडवर साडेतीन रुपयांना घेतलेला तो अंक
मी भूगोलाच्या वहीचं कव्हर घालून ठेवला होता.

मालिकावाल्यांकडे जांभळ्या रंगाचे पैसे नव्हते.
ते आले आमच्या खाणीवर.
पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला लाल खड्डा, लाल धूळ, झाड एकही नाही.
ग्रह आयताच मिळाला.
दोन दिवस शूटिंग.
मेघकेतू म्हणे शेडमध्ये बसून ओळीनं चार शहाळी प्यायला.

मग एका रविवारी कायतानच्या गॅरेजात
आम्ही एकोणीस जण, टायरांवर, ऑइलच्या डब्यांवर.
कायतानचा भाऊ छपरावर अँटेना धरून:
आयलें? ना. आतां?
आणि आलं.
राक्षस हसला. मेघकेतूनं मुठी आवळल्या,
"या ग्रहावर आता कुणीही जिवंत नाही,"
तो म्हणाला,
आणि त्याच्या डाव्या खांद्यामागून
एक टिपर गेला.
मागच्या फळीवर 'सातेरी प्रसन्न'.

गॅरेज हसून फुटलं.
ट्रक कुणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं.
वर्षभर शाळेत मी अंगारग्रहाचा क्लीनर.

त्या रात्री मी बाबांशी बोललो नाही.
ते हुमणातल्या बांगड्याचा काटा काढत राहिले,
बराच वेळ,
मग ताटाकडे बघूनच म्हणाले,
"म्हाका कितें खबर, तो दुसरो ग्रह म्हूण?"
त्यांना फेऱ्या मोजायच्या होत्या.
जेटीला बार्ज लागली होती.

आता खाण बंद. खड्ड्यात पाणी साठलंय,
इतकं हिरवं, की कॉमिकवाल्यालाही सुचलं नसतं.
ट्रक भंगारात गेला.
बाबांचा फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा,
डोळे मिटलेले.

मी भाग मागे नेतो.
मेघकेतूच्या काखेतल्या तारा दिसतात.
उल्का थर्माकोलची, एका कडेला रंग उडालेला.
तेव्हाही दिसत असणार हे.
आम्ही कुठे बघत होतो?

ट्रक सहा सेकंद. मोजले.
चौथ्याला खिडकीतून कोपर बाहेर येतं,
बाही दुमडलेली.
वळणावर ते हॉर्न द्यायचेच, दिलाही असणार,
पण त्या जागी राक्षसाचं संगीत आहे.
चेहरा नाही.

पुन्हा मागे.
हौदा रिकामा आहे, ट्रक खाली उतरतोय,
सावल्या लांब.
म्हणजे ही सकाळची पहिली फेरी.
डबा अजून उघडला नसणार.